वेताळ टेकडीवर दोघींनी सायकल चालवायची तर

पहिल्या दिवशी सायकल घरीच ठेवा. ज्या वाटेने जायचंय ती आधी मैत्रिणीबरोबर पायी चालून या, जाताना आणि येताना, दोन्ही बाजूंनी. चढताना सोपा वाटलेला टप्पा उतरताना वेगळाच दिसतो.

मी कोथरूडला राहते, दुपारच्या शाळेत शिकवते. माझी मैत्रीण पुढच्या गल्लीत पोळीभाजी केंद्र चालवते आणि ते सोमवारी बंद असतं, त्यामुळे सोमवारची सकाळ आम्हा दोघींची. चार वर्षं झाली, पावसाळा सोडला तर त्या दिवशी आम्ही सायकली घेऊन वेताळ टेकडीवर असतो. दोघीही पंचेचाळिशीच्या पुढच्या. शाळा-कॉलेजात पुण्यातल्या बहुतेक मुलींसारखी सायकल चालवली, मग स्कूटी आली आणि सायकल सुटली ती वीस वर्षं. सायकल चालवायला विसरलो नव्हतो. मातीच्या वाटेवर, दुसऱ्या माणसाबरोबर चालवणं मात्र येत नव्हतं, आणि ते शिकेपर्यंत मैत्रिणीचं कोपर फुटलं. म्हणून हे लिहितेय.

पायी जाल तेव्हा काय बघायचं

वेताळ टेकडी ही पुणे शहरातली सगळ्यात उंच टेकडी, समुद्रसपाटीपासून साधारण ८०० मीटर. वरचा बराचसा भाग सपाट आहे, त्यामुळे एकदा एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेच्या डांबरी रस्त्याने वर पोचलं की वेताळबाबाच्या देवळाकडे आणि जुन्या दगडखाणीकडे जाणाऱ्या वाटा नवशिक्यांनाही झेपतात. दमवणारा भाग आहे तो कडेच्या उतारांचा.

पायाखाली तीन प्रकारची जमीन लागते. एक उघडा काळा कातळ. खडबडीत असतो, कोरडा असेल तर चाक चांगलं धरतो. दुसरा दाबून बसलेला मुरूम. यावर सायकल चालवण्यासारखं सुख नाही. तिसरा प्रकार फसवा: खाली टणक जमीन आणि वर सुटा मुरूम. गोट्या पसरलेल्या फरशीवरून चालल्यासारखं होतं. चालताना बूट जिथे घसरेल तिथे चाकही घसरणार, म्हणून पायांनीच ती जागा लक्षात ठेवायची.

आणि चर. वनखात्याने पाणी मुरावं म्हणून उतारांवर समतल चर खोदलेले असतात, उताराला आडवे. मे महिन्यात ते लांबून दिसतात. ऑक्टोबरात गवत कमरेइतकं वाढलं की त्यातलं काहीही दिसत नाही, आणि पुढचं चाक चरात गेलं की माणूस हँडलवरून पलीकडे जातो. त्यामुळे मळलेली वाट सोडून गवतात सायकल घालायची नाही. शिवाय त्या दिवसांत कुसळं मोज्यांत अशी शिरतात की संध्याकाळी एकेक उपटत बसावं लागतं.

ही जमीन वनखात्याची आहे. शिरण्याआधी फाटकावरचा फलक नीट वाचा, वनरक्षक भेटले तर कुठल्या वाटेवर सायकल चालते ते त्यांनाच विचारा. आम्ही विचारलं होतं. एक वाट त्यांनी टाळायला सांगितली, ती आजपर्यंत टाळतो.

सायकल

दोन्ही बाजूंना शॉक असलेली स्वस्त सायकल घेऊ नका. दिसायला दणकट असते, पण वजनाने इतकी जड की चढावर ढकलत न्यावी लागते, आणि मागचा शॉक पॅडल मारलं की नुसता खालीवर होत राहतो, ताकद तिथेच जिरते. पुढे शॉक, मागे काही नाही, दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक आणि निदान दोन इंच रुंद, दातेरी टायर, एवढं पुरतं. नवीच हवी असंही नाही. सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये मुलं परदेशी गेलेल्यांच्या किती चांगल्या सायकली धूळ खात पडल्यात! माझी तशीच मिळाली. जुनी घेताना पुढचं चाक चार बोटं उचलून जमिनीवर आपटून बघा. खडखड आवाज आला तर हँडलच्या बेअरिंगपासून स्पोकपर्यंत सगळं मेकॅनिकला दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका.

माप सगळ्यात महत्त्वाचं. मैत्रीण पाच फुटांची. दुकानदार तिला मोठी फ्रेम गळ्यात मारत होता, "सीट खाली करून देतो ताई" म्हणाला. सीट खाली होते, आडवा दांडा खाली होत नाही. दोन्ही पाय जमिनीवर टेकून सायकल दोन पायांत घेऊन उभं राहायचं. दांडा आणि आपण यांच्यात निदान चार बोटांची जागा हवी. टेकडीवर अचानक पाय टेकावा लागतो तो नेमका खोलगट जागी.

जमलं तर दोघींच्या चाकांचं माप आणि ट्यूबच्या तोंडाचा प्रकार सारखा ठेवा. मग एकीची जादा ट्यूब दुसरीलाही चालते आणि एकच पंप पुरतो. सायकली एकमेकींना चालवून बघण्याची हौस सगळ्यांना असते, तेव्हा आधी विचारायचं: उजवा ब्रेक पुढचा की मागचा? दोन सायकलींत हे उलटं असू शकतं, आणि उतारावर ते कळून उपयोग नाही.

हवा आणि बाभळीचा काटा

रस्त्यावर चालवतो तितकी हवा टेकडीवर ठेवली की सायकल दगडावरून चेंडूसारखी उडते. अगदी कमी ठेवली तर दगडाच्या धारेवर ट्यूब रिमशी चिमटली जाते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. टायरच्या कडेला कमीत कमी आणि जास्तीत जास्त आकडा छापलेला असतो, त्याच्या आतच राहायचं. माझं वजन ६२ किलो, टायर सव्वादोन इंची, आत ट्यूब. मी पुढे २८ आणि मागे ३० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) ठेवते. तुमचा आकडा यापेक्षा वेगळा निघेल. हवेचा दाब दाखवणारा काटा असलेला हातपंप घ्या आणि दर वेळी एकदोन पीएसआयने बदलून बघा.

पंक्चर होणारच, बाभूळ कोणाला सोडत नाही. आमची एक पूर्ण सकाळ यात गेली होती. मैत्रिणीचं मागचं चाक बसलं, आम्ही ट्यूब बदलली, हवा भरली, पन्नास पावलं गेलो आणि नवी ट्यूबही बसली. कारण काटा टायरमध्येच मोडून राहिला होता. तेव्हापासूनचा क्रम असा. चाक काढायच्या आधी टायर बाहेरून पूर्ण फिरवून काटा शोधायचा. ट्यूब काढली की तिच्यात थोडी हवा भरून ती गालाजवळ फिरवायची, सुटणारी हवा कानापेक्षा गालाला लवकर कळते. भोक सापडलं की ट्यूब टायरशेजारी धरून त्याच्या समोरची टायरमधली जागा बघायची. मग सुती फडकं टायरच्या आतून गोल फिरवायचं. काटा असला की ते अडकतं. उघडं बोट फिरवू नका. नवी ट्यूब घालताना तिच्यात आधी दोनचार पंप हवा भरायची म्हणजे ती पिळ खात नाही, आणि टायरची शेवटची कड शक्यतो अंगठ्यांनीच आत ढकलायची. तिथे लिव्हर (टायर उचकटायची पट्टी) वापरली की नवी ट्यूब फाटते.

हे काम दोघींनी घरी, अंगणात किंवा पार्किंगमध्ये, एकदा तरी करून बघायला हवं. टेकडीवर ऊन डोक्यावर असताना शिकता येत नाही.

चढ

चढ सुरू व्हायच्या आधी गिअर हलका करायचा. चढावर जोर लावून पॅडल मारताना गिअर बदलला की चेन कडकड करते, कधी उतरते, कधी तुटते. डांबरी चढावर उभं राहून पॅडल मारायची सवय असते, मुरमावर ती मोडावी लागते. उभं राहिलं की मागच्या चाकावरचा भार जातो आणि ते जागीच गरगर फिरतं. बसूनच राहायचं, सीटच्या पुढच्या टोकापर्यंत सरकायचं, कोपरं वाकवून छाती हँडलकडे न्यायची. असं केलं की पुढचं चाक उचलत नाही आणि मागचंही धरून राहतं.

दम लागला तर उतरा आणि ढकला. आमच्या वाटेवर उंदीरमारीच्या झाडांतून जाणारा एक चढ आहे. तो न उतरता पार करायला मला अकरा महिने लागले, मैत्रिणीला त्याहून जास्त. ती मधल्या सगळ्या सोमवारी शांतपणे ढकलत आली.

उतार

वर पोचलं की सीट चारपाच सेंटीमीटर खाली घ्यायची. नेहमीच्या उंचीच्या खुणेसाठी सीटच्या दांड्यावर इन्सुलेशन टेपचा एक वेढा देऊन ठेवा, परतताना शोधाशोध होत नाही.

उतारावर सीटवर बसायचं नाही. दोन्ही पॅडल आडव्या रेषेत, पाय त्यांवर उभे, टाचा किंचित खाली, गुडघे आणि कोपरं सैल. पीएमपीच्या बसमध्ये दांडा न धरता उभं राहिलं की गुडघे आपोआप जसे मऊ होतात, तसे. सायकलला खाली नाचू द्यायचं, आपण वर स्थिर. उतार तीव्र झाला तर कंबर थोडी मागे न्यायची, पण हात ताठ होतील इतकी मागे नाही.

नजर लांब ठेवायची. ज्या दगडाकडे बघाल त्याच दगडावर जाल, हे मी स्वतःवर शंभरदा अनुभवलंय. दगड एकदा पाहून घ्यायचा आणि डोळे त्याच्या बाजूच्या रिकाम्या जागेवर न्यायचे.

ब्रेकवर एकच बोट, बाकीची बोटं हँडलवर. पुढच्या ब्रेकला लोक घाबरतात, पण सायकल थांबवण्याची खरी ताकद त्याच्यातच असते. तो हळूहळू दाबायचा, मागच्याच्या जोडीने. वळणाच्या आधी, सरळ वाटेवर वेग कमी करून घ्यायचा आणि वळणात ब्रेक सोडायचे. सुट्या मुरमावर वळता वळता पुढचा ब्रेक लावला की चाक निसटतं आणि काही कळायच्या आत आपण जमिनीवर असतो. वळताना बाहेरच्या बाजूचं पॅडल खाली, भार त्याच्यावर. सपाट जागी, दोन चपला ठेवून त्यांच्याभोवती इंग्रजी आठ काढत हे आधी घोटवा. खाली पोचल्यावर डिस्कला हात लावू नका, चटका बसतो.

दोघींचे नियम

आता कोपराची गोष्ट. दुसऱ्या महिन्यात खाणीकडून परतताना मी पुढे होते, मैत्रीण माझ्या मागे जेमतेम सायकलभर अंतरावर, आमच्या गप्पा चालू. वाटेत टिटवी बसलेली दिसली म्हणून मी काही न बोलता ब्रेक लावला. तिचं पुढचं चाक माझ्या मागच्या चाकाला घासलं आणि ती कातळावर पडली. चूक माझी होती, आणि घरी तिच्या हातावर बर्फ धरून बसले असताना आम्ही नियम ठरवले. ते आजही तसेच आहेत.

उतारावर पुढची निघाली की मागचीने मनात पाच आकडे मोजायचे, मग निघायचं. धूळ असेल तर आठ. उतारावर गप्पा बंद.

शब्द चारच: थांब, दगड, चर, माणूस. पुढची जे ओरडेल तेच मागचीने मोठ्याने परत म्हणायचं, म्हणजे ऐकू गेल्याची खात्री होते. ब्रेक लावायच्या आधी "थांब", नंतर नाही. आणि थांबायचं ते वाट सोडून, कडेला.

चढावर हळू चालणारी पुढे. मागच्या माणसाला मागेच राहून हळू जाणं जमतं, पण हळू चालणारी मागे पडली की ती पुढचीला गाठायला धडपडते आणि अर्ध्या वाटेत संपते. उतारावर आम्ही आलटून पालटून पुढे जातो. जी पुढे असेल तिने प्रत्येक फाट्यावर थांबायचं, मागची डोळ्यांना दिसेपर्यंत वळायचं नाही.

पुढचा नियम मला सगळ्यात प्रिय आहे आणि तो मैत्रिणीने केलेला आहे. मी वर जाऊन तिची वाट बघत थांबायची, ती धापा टाकत पोचली की "आलीस? चल" म्हणून लगेच निघायची. म्हणजे मला पाच मिनिटं विश्रांती आणि तिला शून्य! एक दिवस ती खाली बसली आणि म्हणाली, "अगं, तू माझ्यासाठी थांबतेस असं तुला वाटतं, पण दमते मी आणि विसावा घेतेस तू." मला ते फार लागलं, कारण खरं होतं. तेव्हापासून मागून आलेली जेव्हा म्हणेल तेव्हाच निघायचं. ती पाणी पिईल, चष्मा पुसेल, मोराचा आवाज कुठून येतोय ते बघेल. निघायचा शब्द तिचा.

आणि "आज पुरे" हे दोघींपैकी कोणीही, कुठेही म्हणू शकते. त्यावर कारण विचारायचं नाही, "एवढा एकच टप्पा" असा आग्रह नाही. पाळीच्या दिवसांत, कमी झोपेनंतर, घरात काही बिनसलेलं असताना हात जड होतात आणि ब्रेक उशिरा लागतो.

चालणारी माणसं

टेकडी आधी त्यांची आहे, असं मी मानते. २०२३ च्या एप्रिलमध्ये टेकडी वाचवण्यासाठी पुणेकर रस्त्यावर उतरले, आम्ही दोघीही चाललो. आमच्या पुढे-मागे होते ते हेच आजी-आजोबा, रोज पहाटे काठी घेऊन वर येणारे. त्यांच्या पाठीमागून एकदम सायकल आली तर त्यांचा तोल जातो. एकदा एक आजी माझ्यामुळे दचकून करवंदीच्या जाळीत बसल्या. लागलं नाही, पण त्यांचे थरथरणारे हात मला अजून दिसतात.

म्हणून आम्ही साडेआठनंतर जातो, फिरायला येणारे बहुतेक उतरलेले असतात आणि हिवाळ्यात ऊनही सोसतं. माणूस दिसलं की लांबूनच चालण्याइतका वेग करायचा, घंटी एकदा, मग तोंडाने: "काका, सायकल आहे, सावकाश जाते." कानात इयरफोन असतील तर पाय टेकून थांबायचं. वर चढणाऱ्याला, पायी असो की सायकलवर, वाट आधी द्यायची. कुत्र्यांची टोळी अंगावर आली तर पळ काढू नका. उतरा, सायकल आपल्या आणि कुत्र्यांच्या मध्ये धरा, चालत पुढे जा.

बरोबर काय, आणि पडलं तर

हेल्मेट आणि हातमोजे दोघींना, हे बोलायलाही नको. पडताना हात आधी टेकतो आणि मुरूम तळव्यात रुततो. दोन लिटर पाणी प्रत्येकीचं वेगळं, ट्यूब प्रत्येकीची वेगळी. पंप, अ‍ॅलन की (षट्कोनी पाने) आणि चेन जोडायची कडी एकीकडे. खायला चिक्की आणि खजूर. मैत्रीण कधी कधी गूळपोळी आणते.

एकमेकींचा रक्तगट, चालू असलेली औषधं आणि घरचा नंबर दोघींच्या फोनमध्ये हवा. कोणी पडलं तर लगेच हात धरून उठवायचं नाही. आधी दुसऱ्या सायकलवाल्यांना थांबवायचं, मग तिच्याशी बोलायचं: कुठे दुखतंय, बोटं हलतात का, आज वार कोणता. मान दुखत असेल किंवा बोलणं तुटक वाटलं तर हलवायचं नाही, १०८ ला फोन. डोकं आपटलं असेल तर ती कितीही बरी वाटली तरी त्या दिवशी सायकल बंद, आणि पुढचं हेल्मेट नवं.

घोणस आणि फुरसं दोन्ही या भागात आहेत. चाक काढायला दगडावर बसायच्या आधी त्याच्या आजूबाजूला बघून घ्या. साप चावला तर चिरणं, बांधणं, चोखणं काही नाही. पाय स्थिर ठेवून सरळ हॉस्पिटल. उन्हाळ्यात गवतातून धूर दिसला तर मागे फिरून वनखात्याच्या १९२६ या नंबरवर कळवायचं.

पावसाळा

जूनपासून आम्ही जात नाही. ओल्या मुरमात चाकाने पडलेली चाकोरी पुढच्या पावसात ओहोळ होते आणि वाट वाहून जाते. पाऊस संपल्यावरही एकदोन कोरडे दिवस जाऊ द्यावेत. डबकं राहिलं असेल तर त्याला वळसा घालून वाट रुंद करू नका. हळू, सरळ मधून जा नाहीतर उतरून चाला.

परत आल्यावर

टेपच्या खुणेपर्यंत सीट पुन्हा वर, कारण खाली राहिलेल्या सीटने घरापर्यंतच्या रस्त्यावर गुडघे दुखतात. चेन जुन्या बनियनने कोरडी पुसायची, चेनच्या तेलाचा प्रत्येक कडीवर एक थेंब, पाच मिनिटांनी वरचं तेल पुन्हा पुसून टाकायचं, नाहीतर टेकडीची सगळी धूळ त्यावर बसते. तेलाचा हात डिस्कला लावायचा नाही.

गल्लीच्या तोंडाशी आम्ही वेगळ्या होतो. घरी पोचल्यावर "पोहोचले" एवढाच एक शब्द पाठवायचा ठरलंय. दहा मिनिटांत आला नाही तर मी फोन करते. बहुतेकदा ती कणीक मळत असते आणि स्पीकरवर सांगते, "अगं आलेय, हात भरलेत."